शिसवीच्या रोपांना माता आल्या

दिवलीबाईच्या आयुष्यात दोनच नियम होते. एक, माती भाजायची नाही. दोन, दिराशी पाट लावायचा नाही. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाला वाटणार नाही, तिलाही वाटलं नव्हतं. पण अडतीस सालच्या उन्हाळ्यात दोन्ही नियम एकाच वाफ्यात अडकले.

ती मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर जन्मली. नवरा नवलसिंग तापानं गेला तेव्हा तिशी गाठायची होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्यात धाकट्या दिरानं भावजयीला घरात घ्यायची रीत आहे, आणि धाकटा दीर गोवाल रीत पाळायला अगदी तयार होता. माणूस वाईट नव्हता. हे दिवलीबाई स्वतःच मला सांगायची.

"वाईट नही शे," ती खालच्या मुलखातल्या अहिराणीत म्हणायची. "पन खाता खाता बोलस, आन बोलता बोलता खास. जनमभर कोन देखी?"

म्हणून ज्वारीच्या कापणीला डोंगरातून जी टोळी खाली उतरली, त्या टोळीबरोबर ती उतरली. कापणी संपली, टोळी परत गेली, ही लोणखेड्यातच राहिली. शहाद्याच्या शांतिलाल सेठनं तिथं विहिरीकाठी रोपवाडी घातली होती. तिथं पाणी घालायला बाई हवी होती. विहिरीजवळ एक खोपटंही होतं. दिवलीबाईनं खोपटाला आतून शेण सारवलं, दाराला आतून कडी लावून घेतली, आणि त्या कडीचं तिला फार कौतुक होतं. पाड्यावरच्या घराला आतून कडी नव्हती.

आता सेठनं रोपवाडी का घातली, तर शिऱ्यामुळे. त्याचे वडील मिश्रीलालजी वारले, त्यांच्या मागे मोठं जेवण घातलं, आणि पंगतीत शिऱ्याचं दुसरं वाढप चालू असताना सेठ उभा राहून बोलून गेला की, लोणखेड्यापासून ब्राह्मणपुरीच्या वाटेवर दीड कोस, दोन्ही अंगांनी बाराशे शिसवी लावीन. मिश्रीलालजींनी चाळीस वर्षं त्या वाटेनं कापसाच्या गाड्यांबरोबर उन्हात खेपा केल्या होत्या. पोरानं बापासाठी सावली लावायची म्हणजे चांगलीच गोष्ट. फक्त बापाला तिचा काही उपयोग नव्हता, आणि तीनशे माणसांनी ऐकलेलं बोलणं शिरा उतरल्यावर परत घेता येत नव्हतं.

रोपवाडीवर देखरेखीला सेठनं छगनभाऊला ठेवलं. छगनभाऊ गुजर समाजातला, पस्तिशीचा, तोंडावर देवीचे वण, अंगावर वैशाखातसुद्धा कोट. तो कुठल्याशा मळ्यावर वर्षभर शेतकीचं शिकून आला होता. तिथून त्यानं दोन गोष्टी आणल्या, एक तो कोट आणि दुसरा 'जंतू' हा शब्द. पाणी उकळून प्यायचा, जंतू. हात कार्बोलिक साबणानं धुवायचा, जंतू. कोणी खोकलं की कोटाची कॉलर वर करायचा. त्याच्या हिशेबात जगातला एकूण एक जंतू छगनभाऊच्या वाईटावर टपलेला होता.

मातीत तर जंतूच जंतू. म्हणून त्यानं ओळखीच्या गुऱ्हाळातून उसाचा रस आटवायची लोखंडी काहील आणवली, तीन दगडांवर ठेवली, खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, आणि रोपवाडीची सगळी माती टोपली-टोपलीनं त्या काहिलीत भाजून काढली. माती तांबूस होईपर्यंत फावड्यानं परतायची. परतायला अर्थात दिवलीबाई. लांबून बघणाऱ्याला वाटावं, लोणखेड्यात कोणाचं तरी लग्न आहे आणि बुंदी पडते आहे.

"छगनभाऊ," परतता परतता ती म्हणाली, "माती भाजी टाकी, ते तिन्हामा काय ऱ्हायनं?"

"सोच्छ माती ऱ्हायनी. जंतू मरी गयात."

"मंग भलं करनारा जंतू बी मरतीन ना?"

"जंतू भलं करत नहीत, दिवलीबाई. जंतू म्हनजे जंतू."

"दूध उकळी घेतं, मंग इरजन घालतस. इरजनबी उकळी टाकं ते दही लागी का?"

छगनभाऊनं कॉलर वर केली. "ते दही शे. हाई शिसव शे. तू परत."

नियम बाजूला ठेवून तिनं परतली. पहिल्या वर्षी बी रुजलं, बोटभर वर आलं, दोन-चार गोल पानं काढली आणि थांबलं. पानं पिवळी पडली. पाऊस लागला तरी ती पिवळीच, जशी काही रोपं कोणाच्या तरी परवानगीची वाट बघत होती. भाद्रपदात बहुतेक गेली. दुसऱ्या वर्षी छगनभाऊनं माती आणखी जास्त भाजली. रोपं आणखी लवकर गेली.

गोवाल शहाद्याच्या बाजाराला उतरायचा तेव्हा वाटेत रोपवाडीवर यायचा. विहिरीच्या कठड्यावर बसून फुटाणे खात वाफ्यांकडे बघायचा. या दोघांची आपसातली बोली डोंगरातली. ती मला लिहायला जमत नाही, म्हणून त्यांचं बोलणं साध्या मराठीत देते.

"भाभी, मेली का?"

"काही आहेत."

"ती पण मरतील." हे तो धीर द्यायच्या सुरात सांगायचा. "मग चल घरी."

दर खेपेला हेच. एकदा कंटाळून ती बोलून गेली, "ही रोपवाडी मोडली ना, की येते. तोवर विचारू नकोस." तिला वाटलं, सेठनं तीनशे माणसांत सांगितलेली रोपवाडी कशाला मोडते. पण त्यांच्याकडे बाईनं असा शब्द दिला की तो खुंटीला टांगून ठेवलेला असतो, कोणीही येऊन काढून दाखवावा. गोवालनं पाड्यावर जाऊन चार म्हाताऱ्यांना सांगून टाकलं.

आणि तिसऱ्या वर्षी सेठ येऊन अक्षय्य तृतीयेची, म्हणजे आखाजीची, मुदत घालून म्हणाला, "छगन, लोक हसी ऱ्हायनात. आखाजीले मी येस. तवपर्यंत बाराशे रोपे वीतभर उभी दिसनी पाहिजेत. नहीते मोडू रोपवाडी, आन बाप्पाना नावनी पाणपोई बांधी टाकू. पाणपोई तरी मरत नही."

छगनभाऊ त्या दिवशी दोनदा हात धुवून आला. दिवलीबाई खोपटात गेली आणि तिनं कडी लावून पाहिली. लागत होती.

होळीच्या आठ दिवस आधी बारा वाफ्यांत बी पडलं, अर्थात भाजलेल्या मातीत. मग दिवलीबाई होळीला वर गेली. डोंगरातलं माणूस एरवी कुठंही असो, होळीला वर जातं. तिथं ढोल वाजत असताना खाली राहणं म्हणजे मेल्यासारखंच. ती दोन रात्री नाचली, तिसऱ्या दिवशी सकाळी पाड्यामागच्या ओहळावर गेली. तिथं एक जुनाट शिसव होता, दोघांच्या कवेत न मावणारा. तिची आई झाड लावायची तेव्हा त्याच जातीच्या म्हाताऱ्या झाडाखालची ओंजळभर माती खड्ड्यात टाकायची. का, तर तशीच टाकायची असते. नव्या सुनेबरोबर माहेरचं कोणीतरी पाठवतात, तसं.

तिनं वरचा पाला बाजूला सारला. खाली काळी, ओलसर, पावसाळ्यासारख्या वासाची माती. तिच्यात केसासारखी मुळं, मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, आणि सगळीकडे कपाशीच्या तंतूसारखे पांढरे धागे. तिनं दोन टोपल्या भरल्या, ओलं फडकं झाकलं. दोन टोपल्या एका डोक्यावर मावेनात.

"मी घेतो की," गोवाल म्हणाला.

त्याला फार बरं वाटलं होतं. बाईला गावच्या मातीची ओढ लागली, म्हणजे आता फार दिवस नाहीत. डोंगर उतरून, एक रात्र वाटेत काढून त्यानं ती टोपली लोणखेड्यापर्यंत आणली. मध्ये एकदा सांडली तर खाली बसून पुन्हा भरलीसुद्धा. पुढं हे आठवून दिवलीबाई इतकी हसायची की पदर तोंडात घालायची.

छगनभाऊ दुपारी जेवून कोटासकट झोपायचा. तेवढ्या वेळात तिनं एकेका ओळीत बोटानं चर पाडून चिमटी-चिमटी माती घातली आणि वरून पाणी दिलं. दोन टोपल्या पाच वाफ्यांना पुरल्या. सात राहिले.

महिनाभरात फरक दिसायला लागला. आधी सगळीच पिवळी होती. मग पाच वाफे हिरवे झाले, मग गडद झाले, मग तरारून वर आले. सात वाफे तिथंच बोटभर. मधे हातभराची वाट, आणि वाटेच्या दोन बाजूंना दोन गावं असावीत तसं.

छगनभाऊला आनंद झाला. "देख," तो म्हणाला, "ह्या पाच वाफानी माती मी सोता उभा राहीसन भाजेल व्हती. ह्या सातनी तू भाजी."

दिवलीबाई वाफ्याला पाणी घालत राहिली. आपल्या मातीचं श्रेय काहिलीला गेलं याचं तिला दुःख नव्हतं. पण छगनभाऊनं काहील पुन्हा चढवायची ठरवली होती. मागे राहिलेल्या सात वाफ्यांवर ताजी भाजलेली माती थापायची आणि पाच वाफ्यांतल्या रोपांच्या बुडाशीही थोडी घालायची, म्हणजे सगळं एकसारखं होईल. पऱ्हाट्या आल्या. आखाजीला चार दिवस होते.

त्याच सकाळी त्यानं हिरव्या वाफ्यातलं एक रोप उपटून बघितलं. मुळं धुतली. बघितली. चष्मा नव्हता म्हणून लांब धरून बघितली. मुळांवर गाठी होत्या, पांढुरक्या, टपोऱ्या, दाण्या-दाण्यानं चिकटलेल्या. त्यानं रोप हातातून टाकलं.

"रोग," तो म्हणाला. "मुळेसमा रोग शे. दिवलीबाई, पाची वाफा उपटी टाक. काहिलखाले आग लागेल शे, तिन्हामाच जाळी टाक."

"भाऊ, निरोगी देखा ना. सात वाफाले गाठी नहीत, तेच मरी ऱ्हायनात."

"आज मरी ऱ्हायनात. ह्या उद्या मरतीन, आन समदा मळा घीसन मरतीन. जंतू असाच ऱ्हातस, आधी फुगाडतस. दुपारना जेवन व्हयनं की उपटाले लाग."

'आई असं करायची' हे छगनभाऊपुढं चालण्यासारखं नव्हतं. तो जेवायला बसला तशी तिनं टाकलेलं रोप उचललं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि शहाद्याची वाट धरली. अर्धा कोस. सेठ पेढीवर नव्हता, कापसाच्या सौद्याला गेला होता. घरी सेठची आई होती, पानीबाई.

पानीबाई म्हणजे मिश्रीलालजींची विधवा. सत्तरीला आलेली, पाणी गाळून प्यायची, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायची नाही, मुंगी दिसली तर पाय उचलून उभी राहायची. धर्मानं जैन, पण अंगावर देवीचे फोड आणणाऱ्या शीतळामातेला दुखवायची तिची तयारी नव्हती. होळीनंतरच्या सातमला, म्हणजे सप्तमीला, घरात चूल पेटायची नाही, सगळ्यांनी आदल्या दिवशीचं थंड खायचं. उपाश्रयातल्या धर्मात ही माता नेमकी कुठं बसते हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

बोलणं ती मारवाडीत सुरू करायची आणि अहिराणीत संपवायची.

"कांई है यो? काय लयनी, दिवली?"

"सेठाणीमाय, छगनभाऊ पाच वाफा जाळी ऱ्हायना. म्हने रोग शे." तिनं फडकं उलगडलं.

पानीबाईनं मान पुढं केली. बोट लावलं नाही. फुगलेल्या, गोल, पाणीदार गाठी. कुठं एक, कुठं चारांचा झुबका. तिच्या वयाच्या बाईनं तसले फोड किती घरांत बघितले असतील. तिनं हळूच पायातली चप्पल काढली आणि दोन्ही हात जोडले.

"माता शेतस," ती म्हणाली.

दिवलीबाई हो म्हणाली नाही. नाहीसुद्धा म्हणाली नाही. हे ती मला तिच्या म्हातारपणी शेंगा फोडता फोडता सांगत होती. मी विचारलं, तुम्ही खरं का नाही सांगितलं? तर म्हणाली, "मी सांगती, त्या गाठी शेतस. मंग? गाठीसले कोन हात जोडस?"

तासाभरात पानीबाईची बैलांची दमणी रोपवाडीच्या फाटकाशी उभी राहिली. काहील तापली होती, छगनभाऊ फावडं घेऊन उभा होता.

"आग विझव," पानीबाई खाली उतरायच्या आधीच म्हणाली. "घरमा माता येल शेतस आन तू भट्टी लावी ऱ्हायना?"

"माय, मातानं काय? हाई मुळेसना रोग शे. शास्त्र..."

"शास्त्र मंग देखसू. पहिले जोडा काढ."

छगनभाऊनं काय सांगायचं ते सांगितलं, पानीबाईनं काय ऐकायचं ते ऐकलं, म्हणजे काहीच नाही. मग नियम ठरले. माता घरात असताना जे नियम माणसाला, तेच शिसवीला. कुंपणाच्या आत विस्तव नको. फोडणीचा वास यायला नको. पायात काही घालायचं नाही. पान तोडायचं नाही, रोप उपटायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. पाणी थंड, त्यात कडुनिंबाचा पाला. माता आपल्या पायांनी जातील तेव्हा जातील.

काहील पालथी घातली गेली. गार झाल्यावर पानीबाई तिच्यावरच बसून राहिली, कारण वाफ्यांजवळ तेवढ्या उंचीची दुसरी जागा नव्हती.

वैशाखातल्या तापल्या जमिनीवर छगनभाऊ अनवाणी चालायचा म्हणजे चालायचा नाही, एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारायचा. आणि रोपवाडीत सावली नव्हती. ती लावायचं तर सगळं चाललं होतं. बिडीला त्याला कुंपणाबाहेर जावं लागायचं. तिथं उभा राहून तो आतल्या पाच वाफ्यांकडे बघायचा. चौथ्या दिवशीही ती रोपं मेली नव्हती. उलट आणखी बोटभर वाढली होती. माणसाला अडचणीत आणायची ही एक पद्धत झाली.

आखाजी आली. लोणखेड्यात निंबाच्या फांद्यांना झोके बांधले, घराघरात पुरणपोळी आणि आमरस झाला. दुपार कलताना सेठ जेवून आला, जडावलेला. पानीबाई आधीच काहिलीवर बसली होती. आणि विहिरीच्या कठड्यावर गोवाल. आज फुटाणे नव्हते. मांडीवर एक गाठोडं होतं, त्यातून नव्या लुगड्याचा जांभळा काठ दिसत होता. पाड्यावरच्या चार म्हाताऱ्यांनी त्याला सांगून पाठवलं होतं की, शब्द घेऊनच ये.

सेठ पाच हिरव्या वाफ्यांपाशी थांबला. वाकून वितीनं मोजलं. वीत पुरून वर दोन बोटं. त्याचा चेहरा खुलला. मग सात पिवळ्या वाफ्यांशी गेला. चेहरा मिटला.

"छगन, हाई ते साडेपाचशे भरतीन. आन बाराशे सांगेल शेतस मी."

"सेठ, पुढला साल..."

"पुढला साल, पुढला साल. साडेपाचशे झाडे लावं ते लोक म्हनतीन, बापले अर्धीच सावली दिधी. नको. पाणपोईच बरी."

गोवाल कठड्यावरून उतरला आणि गाठोडं काखेत धरून उभा राहिला. घाई नव्हती त्याला. दिवलीबाईनं त्याच्याकडे बघितलं, खोपटाच्या दाराकडे बघितलं. गप्प राहिली असती तर रोपवाडी मोडत होती. बोलावं तर चोरून माती घातल्याचं बाहेर येणार, छगनभाऊ हाकलणार, शिवाय माता म्हणून हात जोडून बसलेली म्हातारी समोर.

"सेठ," ती म्हणाली, "त्या पाच वाफासमा मी माती टाकी."

"कोन्ही माती?"

"मोलगीनी. म्हातारा शिसवना पायथ्यानी. दोनच टोपला व्हतात, म्हनीसन पाच वाफा. बाकीनासले पुरनी नही."

छगनभाऊचा चेहरा काळवंडला. "न भाजेल माती? मन्ही रोपवाडीमा?"

"एक टोपली मी लयना," गोवाल मध्येच म्हणाला, मोडक्या अहिराणीत, अभिमानानं. म्हणाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. तो पुन्हा कठड्यावर बसला.

सगळे पानीबाईकडे बघायला लागले. पानीबाईनं थोडा विचार केला.

"मंग माता मोलगीहून उनी," ती म्हणाली. "टोपलामा बशीसन. दूरथून उनी बिचारी."

झालं. जी देवी दिवलीबाईच्या कबुलीनं खाली पडेल असं वाटत होतं, ती टोपलीत बसून आणखी वर गेली. प्रश्न आता छगनभाऊचा राहिला. तो म्हणत होता, म्हणजे बाहेरून रोग आणला, वर कबूलही करते.

दिवलीबाई त्याच्याजवळ गेली. वाफ्याशी बसून तिनं एका रोपाचं मूळ जपून उघडं केलं, एक गाठ नखानं फोडली. आतून लालसर निघाली.

"छगनभाऊ, मी धाकली व्हती तवय आमना पाडावर देवी काढनारा उना. एक पोरना दंडवरथून थोडं काढे, दुसरा पोरना दंडले लावे. ज्याले लावं, त्याले माता नही उनी. ते रोगच लावे ना तो? थोडासा."

छगनभाऊचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला, त्या वणांवर. त्याच्या गावात देवी काढणारा पोचला तो एक वर्ष उशिरा. तो वाकून फुटलेल्या गाठीकडे बघायला लागला.

"लस," तो शेवटी म्हणाला. "म्हनजे हाई लस शे."

"व्हई मंग."

"लस टोचनी म्हनजे शास्त्रच शे." त्यानं कॉलर खाली केली. इतक्या वर्षांनी त्याला दुसरा शब्द सापडला होता, आणि तो लगेच कामाला लागला. "सेठ, पावसापर्यंत मुदत द्या. ह्या पाच वाफानी माती, मुळेससकट, त्या सातले लावू. ओंजळ-ओंजळ. समदं व्यवस्थित."

सेठला काय, आमरसानं डोळे मिटत होते. "पाऊस लागेतोवर," तो म्हणाला, "मंग मात्र पाणपोई."

दुसऱ्या दिवशी रोपांना देवी टोचायचा कार्यक्रम झाला. पानीबाईनं गावातून डफवाला बोलावला, कारण माता एका घरातून दुसऱ्या घरात जातात तर वाजवत न्यावं. छगनभाऊ ओळीनं रोपं मोजत होता आणि वहीत 'टोचली' असं लिहीत होता. दिवलीबाई मातीच्या ओंजळी घालत होती. टोपल्या वाहायला माणूस कमी पडला तेव्हा कठड्यावरून गोवालला उठवलं. त्याला नाही म्हणता येईना. सवय झाली होती.

बारावा वाफा मात्र छगनभाऊनं टोचू दिला नाही. "ताळा पाहिजे," तो म्हणाला. पानीबाईला वाटलं, एका घराला माता नको असतात, असतं एकेकाचं.

मी कॉलेजात असताना आम्हाला शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांवरच्या गाठींची आकृती काढायला लावली होती. त्या गाठींत अतिसूक्ष्म जीव राहतात, हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला खायला देतात, आणि झाड त्यांना साखर देतं. पांढरे धागे म्हणजे बुरशी, ती मुळांच्या हाताला येत नाही ते पाणी आणि खत आणून देते. माती भाजली की हे सगळं बिऱ्हाड मरतं, आणि मूठभर जिवंत माती घातली की पुन्हा वसतं. हे मी दिवलीबाईला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माझ्यापुढच्या शेंगा संपल्या होत्या तर आपल्यातल्या थोड्या सरकवल्या.

"म्हनजे इरजनच ना," ती म्हणाली.

आषाढात पाऊस लागला तोवर सहा वाफे त्या पाचांच्या बरोबरीला आले होते. बारावा तसाच, बोटभर, पिवळा. छगनभाऊ रोज त्याच्यापाशी जाऊन उभा राहायचा, आणि एके दिवशी त्यानंच काहील बैलगाडीत घालून गुऱ्हाळाला परत पाठवली. अकरा वाफ्यांतून बाराशे भरली आणि वर थोडी उरली. ब्राह्मणपुरीच्या वाटेवर खड्डे झाले. पहिलं रोप सेठच्या हातून लागलं. पानीबाईनं शेजारी तांबडी झेंडी रोवली. छगनभाऊनं पाटी लावली, 'शास्त्रीय पद्धतीने लस दिलेली झाडे, हात लावू नये'. झेंडी आणि पाटी एकाच खड्ड्याशी होत्या, आणि दोन्ही वाचून लोक हात लावत नव्हते. दिवलीबाई मागून टोपली घेऊन येत होती, प्रत्येक खड्ड्यात ओंजळ टाकत.

वाटेच्या कडेला गोवाल उभा होता. गाठोडं काखेत होतंच.

"भाभी, मग येत नाहीस?"

"रोपवाडी मोडली का?"

तो प्रामाणिक माणूस. लांबवर लावलेल्या ओळीकडे बघून त्यानं खरा विचार केला. "नाही."

"मग."

"ती टोपली मीच उचलली," तो म्हणाला. "सांडली होती. मी परत भरली."

"जड होती ना?"

"फार जड होती."

ती हसली नाही, निदान त्याच्यासमोर तरी नाही. दोन उरलेली रोपं मुळाच्या मातीसकट पानात बांधून तिनं त्याला दिली आणि कशी लावायची ते सांगितलं. ती घेऊन तो डोंगराकडे वळला.

पुढच्या होळीला ती वर गेली तेव्हा ते जांभळ्या काठाचं लुगडं रूपलीबाई नावाच्या एका बाईच्या अंगावर होतं. ती बाई जेवताना अजिबात बोलत नसे, त्यामुळे घरात सगळं तोंड गोवालला मोकळं होतं. दिवलीबाईनं लुगड्याचा पदर हातात धरून बघितला, बारीक नजरेनं, उलटसुलट.

"कापड चांगलं शे," ती मला म्हणाली. "पन मन्हावर तो रंग खुलता नही."